महापालिकेत जीआयएसच्या कामाला लागताय? सोलापुरातल्या व्यवहाराच्या पायऱ्या

महापालिकेत जीआयएसच्या (नकाशा आणि त्यावरची माहिती संगणकावर एकत्र जोडण्याच्या) कामावर येणारी बहुतेक मुलं-मुली क्यूजीआयएस किंवा आर्कजीआयएस ही त्याची सॉफ्टवेअरं शिकून आलेली असतात. कुणी भूगोलात एम.ए. केलेलं, कुणाचा सिव्हिलचा डिप्लोमा. सॉफ्टवेअरवर हात बसलेला असतो. पण टेबलावर येतं ते कापडावर चिकटवलेलं नगर भूमापनाचं जुनं शीट, कर विभागाची विस्कटलेली एक्सेल आणि 'साहेबांना चार वाजेपर्यंत भाग नकाशा (एखाद्या प्लॉटभोवतीचा विकास योजनेचा तुकडा) पाहिजे' असा निरोप. यातलं काहीच कोर्समध्ये शिकवत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

लेख सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. तुम्ही लातूरला किंवा सांगलीला असाल तर आकडे आणि पेठांची नावं बदला, कामाचा क्रम साधारण तोच राहतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नकाशा काढणं हा या कामाचा सोपा भाग आहे. एकाच घराला नगर भूमापन कार्यालय एक नंबर देतं, कर विभाग दुसरा, लेआउटवर तिसरा असतो आणि पाणीपुरवठ्याकडे चौथा. हे सगळे नंबर एका पॉलिगॉनवर (नकाशावरच्या बंद आकृतीवर) आणून बसवायचे आणि कोणता कुठल्या कागदावरून आला ते लिहून ठेवायचं, याचाच खरं तर पगार मिळतो.

१. आधी शहराचे टप्पे ओळखा

सोलापूरला नगरपालिका आली १८५२ मध्ये, महानगरपालिका झाली १ मे १९६४ रोजी, आणि १९९२ च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं आत आली. आज हद्दीचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. हे पाठ करा असं म्हणत नाही, पण कुठल्या भागासाठी कुठला कागद मागायचा हे या टप्प्यांवर ठरतं.

मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, साखर पेठ, बाळीवेस, विजापूर वेस हा जुना भाग नगर भूमापनाचा. इथे सिटी सर्व्हे नंबर चालतो आणि हक्क बघायला मिळकत पत्रिका काढावी लागते. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे हा हद्दवाढ भाग. इथल्या बऱ्याच जमिनीचा हिशेब अजून सातबाऱ्यावर आहे. सर्व्हे किंवा गट नंबर, त्याचे हिस्से, आणि त्या हिश्श्यांचे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले तुकडे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने कुठल्या तारखेपर्यंतचे तुकडे नियमित करता येतात ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली, त्यामुळे ज्या वस्तीला जुन्या नकाशावर नुसतं शेत आहे तिथली प्रकरणं तुमच्या टेबलावर येणारच. जुळे सोलापूरकडे मंजूर लेआउट बरेच, तिथे लोक प्लॉट नंबर सांगतात आणि सर्व्हे नंबर विचारला की गप्प होतात.

नावांचंही तसंच. कागदावर 'धर्मवीर संभाजी तलाव', लोकांच्या तोंडी 'कंबर तलाव'. कागदावर 'इंदिरा गांधी स्टेडियम', रिक्षावाल्याला 'पार्क स्टेडियम'. तुमच्या प्रत्येक लेअरमध्ये (नकाशाच्या थरात) 'अधिकृत नाव' आणि 'बोलीतलं नाव' असे दोन रकाने ठेवा. तक्रारी बोलीतल्या नावाने येतात, पत्रं अधिकृत नावाने जातात.

हद्दीबद्दल एक इशारा. शहर सलग दिसतं म्हणून ते महापालिकेचं आहे असं समजू नका. कुंभारीतली विडी कामगारांची मोठी वसाहत लोकांच्या लेखी सोलापूरच आहे, पण ती महापालिका हद्दीबाहेर आहे. हद्दीची रेषा उपग्रह चित्रावरून अंदाजाने ओढू नका. अधिसूचनेत दिलेले गाव आणि सर्व्हे नंबर धरूनच ओढा.

२. कागद गोळा करा

रुजू झाल्याबरोबर या गोष्टींच्या मागे लागा:

- महापालिका हद्दीची अधिसूचना, झोन आणि प्रभागांच्या सीमांची वर्णनं
- नगर भूमापनाची शीटं आणि मिळकत पत्रिकांची यादी
- हद्दवाढ भागातले गाव नकाशे, टिपण (सर्व्हे नंबरच्या बाजूंची मापं लिहिलेला कच्चा नकाशा), फाळणी नकाशे (हिश्श्यांचे) आणि जिथे मोजणी झाली असेल तिथली तिची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा)
- मंजूर विकास योजनेची शीटं, तिचा अहवाल आणि नंतरच्या फेरबदलांचे शासन निर्णय
- मंजूर लेआउट आणि गुंठेवारीत नियमित झालेल्या भूखंडांची नोंदवही
- कर विभागाची मिळकतींची यादी
- पाणी आणि ड्रेनेजचे असतील ते नकाशे
- सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, शहरासाठी ४७ ओ/१४

तोंडी मागितलेला कागद तोंडीच हरवतो. विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र काढा, आवक क्रमांक घ्या, आणि मिळालेल्या प्रत्येक प्रतीवर कुणाकडून व कोणत्या तारखेला मिळाली ते पेन्सिलीने लिहा. भूमि अभिलेखकडून नक्कल अधिकृत शुल्क भरूनच घ्या. ओळखीने मिळालेली झेरॉक्स कोर्टात उभी राहत नाही.

मोबाइलने शीटचा फोटो काढून तो जिओरेफरन्स करायला (खऱ्या कोऑर्डिनेटवर बसवायला) घेणं ही नवख्यांची आवडती पळवाट आहे. लेन्समुळे कडा वाकतात आणि ती वाकडी रेष पुढे कुठल्याच गणिताने सरळ होत नाही. मोठ्या फ्लॅट स्कॅनरवर किमान ३०० डीपीआयने स्कॅन करा. कापडी शीट गुंडाळीतून काढलं की लगेच स्कॅनरवर दाबू नका, एक दिवस सपाट ठेवा.

विकास योजनेबाबत विशेष काळजी घ्या. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम २६ खाली प्रसिद्ध होते ती प्रारूप योजना, कलम ३१ खाली मिळते ती मंजुरी आणि कलम ३७ खाली होतात ते फेरबदल. तिन्हींचे नकाशे दिसायला सारखे असतात, रंगही तेच. तिन्ही वेगळ्या लेअरमध्ये ठेवा आणि लेअरच्या नावातच कलम व तारीख घाला. प्रारूपावरचं आरक्षण मंजूर म्हणून एखाद्याच्या भाग नकाशात गेलं, तर त्या माणसाचा प्लॉटचा व्यवहार मोडू शकतो.

३. कोऑर्डिनेटचा गोंधळ पहिल्याच दिवशी मिटवा

सोलापूर शहर यूटीएमच्या (पट्ट्यापट्ट्याने मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये येतं. मोजमापाचं सगळं काम डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ (सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा क्रमांक) मध्ये करा. समोर आलेला डेटा कशात आहे हे आकड्यांवरून लगेच ओळखू येतं. शहराच्या मध्यावर, सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास:

- आकडे ७५.९ आणि १७.६ च्या जवळचे असतील तर डेटा अंशांत आहे (ईपीएसजी ४३२६)
- साधारण ५,९६,००० आणि १९,५४,००० असतील तर यूटीएम
- पहिला आकडा ८४ लाखांच्या पुढे आणि दुसरा २० लाखांच्या जवळ असेल तर वेब मर्केटर, म्हणजे वेबवरच्या नकाशांची पद्धत (ईपीएसजी ३८५७)
- १७ आधी आणि ७५ नंतर आलं असेल तर कुणीतरी रकाने उलटे भरलेत, आणि तुमची घरं आर्क्टिक महासागराकडे निघालीत

तिसऱ्या प्रकारात जास्त जपून राहा. गुगलसारखं पार्श्वभूमीचं चित्र लावलं की क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट बहुतेक वेळा ३८५७ वर जातो. पॉलिगॉन त्याच सीआरएसमध्ये (कोऑर्डिनेट पद्धतीत) जतन झाले आणि फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये साध्या 'एरिया' फंक्शनने क्षेत्र काढलं, तर सोलापूरच्या अक्षांशावर ते खऱ्यापेक्षा १० ते ११ टक्के जास्त येतं. हजार चौरस फुटांचं घर अकराशेच्या वर दिसतं. ही यादी घरपट्टीच्या आकारणीला गेली तर काय होईल ते सांगायला नको. पडताळा सोपा आहे. महापालिका हद्दीच्या पॉलिगॉनचं क्षेत्र काढा. १७८ च्या आसपास आलं तर ठीक, १९७-१९८ आलं तर तुम्ही वेब मर्केटरमध्ये मोजताय.

यूटीएममध्येही सपाट अंतर आणि जमिनीवरचं अंतर तंतोतंत जुळत नाही. सोलापूर मध्य रेखावृत्तापासून (७५ अंश पूर्व) सुमारे ९६ किलोमीटर पूर्वेला आहे, त्यामुळे एका किलोमीटरला साधारण ३० सेंटिमीटर कमी दिसतात. घराच्या मापात हे कुठे जाणवतही नाही. पण पाइपलाइनची लांब रेघ टोटल स्टेशनच्या (जागेवर कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या) मापाशी ताडताना कंत्राटदाराचा अभियंता हा फरक काढून दाखवतो, तेव्हा उत्तर तयार असावं.

जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहेत. त्यांना डब्ल्यूजीएस ८४ समजून टाकलं की सगळं सरकतं. सॉफ्टवेअरमधलं डेटम रूपांतरण वापरा, हाताने ढकलून बसवू नका.

४. जुनं शीट जमिनीवर बसवा

इथे घाई केली तर पुढची सगळी कामं वाकडी जातात, म्हणून जरा सविस्तर.

गाव नकाशा हातात आला की आधी प्रमाण वाचा. जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. गाव नकाशावर '१ इंच = २० साखळ्या' असेल तर ते प्रमाण १:७९२० झालं, '१० साखळ्या' असेल तर १:३९६०. टिपणावर एखाद्या बाजूला ४ साखळ्या ६ आणे लिहिलं असेल तर ते ४.६ नव्हे, ४ आणि सहा-सोळांश, म्हणजे १४४ फूट साडेचार इंच. दशांश समजून वाचलं तर त्या एका बाजूत सात फुटांहून जास्त फरक पडतो.

मग स्वतःला विचारा, या कागदावरची रेष जमिनीवर किती जाड आहे? पेनाची रेष अर्धा मिलिमीटर धरली, तर १:५०० च्या सिटी सर्व्हे शीटवर ती जमिनीवर २५ सेंटिमीटर होते. १:७९२० च्या गाव नकाशावर तीच रेष जवळपास ४ मीटर. म्हणून गाव नकाशावरून कंपाउंड वॉलचा वाद सोडवायला कुणी सांगितलं, तर नम्रपणे 'मोजणी मागवा' असा शेरा लिहा. माणूस कितीही मोठा असो.

नियंत्रण बिंदू (शीट आणि जमीन जुळवायच्या खुणा) निवडताना जी गोष्ट शीट काढतानाही होती आणि आजही जागेवर आहे, तीच घ्या. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांचे कोपरे, जुन्या देवळांची जोती, दगडी विहिरी, रेल्वेच्या जुन्या पुलांची तोंडं. चौकाचे कोपरे घेऊ नका, रस्तारुंदीत ते सरकलेले असतात. झाडं आणि विजेचे खांब तर नकोतच. पहिल्या दर्जाच्या पॉलिनॉमियलला (सगळं शीट एकसारखं ताणून-फिरवून बसवणाऱ्या रूपांतराला) गणिताने ३ बिंदू पुरतात, तुम्ही शीटभर पसरलेले ८-१० घ्या. निम्मे एकाच कोपऱ्यात असतील तर उरलेलं शीट हवेत लटकतं.

आणि हा सापळा. जिओरेफरन्सरमध्ये 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडलं की सगळ्या बिंदूंची चूक शून्य दिसते आणि नवखा माणूस खूश होतो. ते रूपांतर दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जातंच, त्यामुळे चुकीचा बिंदूही गुपचूप पचतो आणि आजूबाजूची घरं ताणली जातात. आधी पॉलिनॉमियल-१ लावा, कुठल्या बिंदूची चूक मोठी येते ते बघा, तो बिंदू जागेवर जाऊन तपासा. कागद खरंच आखडलेला असेल आणि त्याला स्प्लाइनशिवाय पर्याय नसेल, तर ५-६ बिंदू बाजूला ठेवा आणि त्यांच्यावर पडताळा घ्या.

शेजारची दोन शीटं जोडताना कडेची घरं जुळत नाहीत, हे ठरलेलंच. मधली फट आपल्या मनाने बुजवू नका. 'कड जुळत नाही' अशी नोंद लेअरमध्ये ठेवा. टोपोलॉजी तपासणीत (फटी आणि एकमेकांवर आलेल्या आकृत्या शोधणाऱ्या) लाल दिसू द्या. रेघ ओढून लपवलेली फट पाच वर्षांनी अतिक्रमणाची नोटीस बनून येते.

५. एका घराचे सगळे नंबर जोडा

पहिला नियम: एका सिटी सर्व्हे नंबरला एकच मिळकत क्रमांक असेल असं गृहीत धरू नका. एका वाड्यात चार भाऊ, दोन भाडेकरू आणि खाली किराणा दुकान असेल तर कर विभागाकडे सात नोंदी असतात. उलट दोन सिटी सर्व्हे नंबरांवर एकच बंगला उभा असतो. म्हणून जमिनीचे पॉलिगॉन एका लेअरमध्ये, इमारतींचे दुसऱ्यात, आणि कराच्या नोंदी वेगळ्या तक्त्यात ठेवा. तिन्हींना जोडणारा एक साधा तक्ता बनवा: डावीकडे इमारतीचा तुमचा स्वतःचा क्रमांक, मधे जमिनीचा नंबर, उजवीकडे मिळकत क्रमांक, शेजारी जोडणीचा आधार (कागद, जागेवरची पाटी की शेजाऱ्याचं सांगणं) आणि तारीख. 'शेजाऱ्याने सांगितलं' हेही चालतं, फक्त तसं लिहिलेलं पाहिजे.

आता एक्सेलचे प्रताप. यादी उघडताना सर्व्हे नंबर १२/३ चं '१२ मार्च' होतं. ०४५ मधलं शून्य उडतं. निम्मी यादी देवनागरी अंकांत आणि निम्मी इंग्रजी अंकांत असते, त्यामुळे एकच असलेले नंबर जॉइनमध्ये (दोन तक्ते जोडताना) जुळत नाहीत. उपाय एकच: फाइल डबल-क्लिक करून उघडू नका, डेटा आयात करताना नंबरांचे सगळे रकाने 'टेक्स्ट' म्हणून घ्या, अंक एका लिपीत आणा, पुढेमागे राहिलेल्या मोकळ्या जागा छाटा, मग जॉइन करा.

जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. दुसऱ्या मशीनवर त्या उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नंतर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतर करणारं साधन नेमकं तिथेच घसरतं.

शेपफाइलमध्ये (जीआयएसच्या जुन्या फाइल प्रकारात) मराठी ठेवताना दोन मर्यादा लक्षात ठेवा. रकान्याचं नाव १० बाइटचं आणि टेक्स्टचा रकाना जास्तीत जास्त २५४ बाइटचा. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे रकान्याचं नाव तीन चिन्हांत संपतं आणि लांबलचक पत्ता ८४ चिन्हांवर कापला जातो, तोही मुकाट्याने. काम जिओपॅकेजमध्ये (नव्या फाइल प्रकारात) ठेवा. शेपफाइल कुणी मागितली तरच द्या.

६. जागेवर जा

सोबत हवं ते:

- महापालिकेचं ओळखपत्र आणि सर्वेक्षणाच्या आदेशाची प्रत (पहिल्या दहा घरांत दोनदा मागतात)
- ३० मीटरची टेप, लेझर मीटर
- क्यूफिल्ड (जागेवर माहिती भरायचं अ‍ॅप) टाकलेला मोबाइल किंवा टॅब, पॉवर बँक
- त्या गल्लीचा ए-३ आकाराचा छापील नकाशा, पॅड, लाल आणि निळा पेन
- पाणी आणि टोपी

मोबाइलचं जीपीएस मोकळ्यावर ३ ते ५ मीटरचं असतं, बोळात त्याहून वाईट. कोणत्या घरासमोर आहात हे कळायला ते पुरतं, घराचा कोपरा टिपायला पुरत नाही. अचूक बिंदू हवे असतील तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यावर (कायम चालू असणाऱ्या केंद्रांच्या) चालणारा रोव्हर, म्हणजे हातातला अचूक जीपीएस, वापरा. तोही उंच भिंतींच्या मधे अडखळतो, तेव्हा मोकळ्या चौकात दोन बिंदू घ्या आणि तिथून टेप किंवा टोटल स्टेशनने आत या.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी ७ ला निघा, ११ ला परत या. उन्हात मोबाइल तापून बंद पडतो आणि त्याआधी स्क्रीन दिसेनासा होतो, म्हणून छापील नकाशा हवाच. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा मध्य भागात सर्वेक्षण ठेवू नका. जिथे पाणी सुटायचा दिवस आहे तिथे त्या दिवशी गेलेलं चांगलं. घरात कुणीतरी नक्की असतं आणि नळजोड खरे किती ते समोर दिसतं. फक्त भरण्याच्या घाईत असलेल्या बाईला दारात उभं करून मिळकत पत्रिका मागू नका, दहा मिनिटं थांबा.

पूर्व भागात गेलात तर यंत्रमागाची शेड बघून घ्या. ड्रोनच्या चित्रात एकच लांब पत्रा दिसतो आणि ऑफिसात बसलेला माणूस त्याचा एक पॉलिगॉन करून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या पत्र्याखाली तीन मिळकती असतात. पुढच्या खणात माग, मधे सूत आणि तयार टॉवेलचे गठ्ठे, मागे राहती खोली, आणि मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचलेल्याही नसतात. अशा वेळी बाहेरच्या भिंतीवरचे वीजमीटर मोजा, दारं मोजा, मग मधल्या भिंती टेपने मोजून आत रेघा ओढा. 'वापर' या रकान्यात निवासी, कारखाना आणि मिश्र असे तीन पर्याय ठेवा. नुसतं 'व्यावसायिक' लिहिलं तर मागच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या बिलावर त्याचा परिणाम होतो आणि ते हरकत घेऊन तुमच्याच टेबलापाशी येतात. या भागात तेलुगू येणारा सहकारी सोबत असला तर निम्मं काम सोपं होतं. काही गल्ल्यांत कन्नड किंवा उर्दू लागते.

'घरपट्टी वाढणार का?' हा प्रश्न दर दारात येतो. 'नाही' म्हणू नका, 'हो' पण म्हणू नका. आकारणी कर विभाग करतो, नोटीस येते, हरकतीला मुदत असते, एवढं सांगा. खोटा दिलासा देऊन माप लवकर मिळतं, पण दुसऱ्या फेरीला त्या गल्लीत कुणी दार उघडत नाही.

ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा क्षेत्र नकाशा आधी बघा. होटगी रस्त्यावरचं विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न शहराच्या मोठ्या भागात येतो. 'एजन्सीने घेतली असेल' यावर विसंबू नका, परवानगीची प्रत फाइलला लावा.

७. रोजची येणारी कामं

भाग नकाशा आणि झोन दाखल्याचं काम सर्वांत जास्त येतं. रस्त्याची रुंदी स्क्रीनवर मोजून लिहू नका, विकास योजनेत लिहिलेला आकडा घ्या. आरक्षणाचा क्रमांक, त्याची सद्यस्थिती आणि कलम १२७ ची नोटीस (आरक्षित जागा घ्या नाहीतर सोडा, अशी मालकाची) आली असेल तर ती तारीख रकान्यात असू द्या. नकाशा तुम्ही तयार करता, अभिप्राय नगररचना विभागाचा असतो. सही त्यांचीच.

पाणीपुरवठ्याचं काम चावीवाल्याशिवाय (व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याशिवाय) होत नाही. उजनी, टाकळी आणि हिप्परगा इथून येणारं पाणी शहरात कुठल्या व्हॉल्व्हने कुठे वळतं, हे कागदापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. निवृत्तीला आलेला चावीवाला असेल तर बाकीची कामं ठेवून आधी त्याच्याबरोबर फिरा. प्रत्येक व्हॉल्व्हचं अंतर दोन कायम खुणांपासून टेपने घ्या, कारण पुढच्या डांबरीकरणात झाकण गाडलं जातं आणि रात्री पाइप फुटल्यावर खोदणाऱ्याला 'या कोपऱ्यापासून सव्वाचार मीटर' हे अक्षांश-रेखांशापेक्षा उपयोगी पडतं. व्हॉल्व्हचा व्यास, किती फेऱ्यांत बंद होतो आणि कुठल्या गल्ल्यांचं पाणी बंद पडतं, हेही त्याच वेळी लिहून घ्या.

डिसेंबर आला की गड्ड्याच्या यात्रेच्या मार्गाचा नकाशा मागतात. नंदीध्वजांची (सजवलेल्या मानाच्या काठ्यांची) मिरवणूक ६८ लिंगांच्या मार्गाने जाते आणि काठ्या उंच असतात. त्यामुळे त्या मार्गावर आडव्या जाणाऱ्या तारा, केबल, कमानी आणि खोदलेले रस्ते यांचा एक स्वतंत्र लेअर आधीपासून करून ठेवा. दरवर्षी नव्याने करत बसू नका, नोव्हेंबरात एक फेरी मारून अद्ययावत करा.

प्रभाग रचनेच्या कामात जनगणनेचे प्रगणक गट (एका प्रगणकाने मोजलेल्या घरांचे तुकडे) हा पाया असतो. तो गट मनाने फोडायचा नाही. नकाशाबरोबर 'उत्तरेस, पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस' असं शब्दांतलं वर्णनही प्रसिद्ध होतं आणि हरकती घेणारे लोक नकाशापेक्षा ते वर्णन जास्त बारकाईने वाचतात. वर्णन हातात धरून सीमेवरून बोट फिरवा. जिथे अडखळाल तिथे हरकत येणार हे नक्की.

८. नकाशा बाहेर देण्याआधी

गुगलच्या चित्रावरून घरं ट्रेस करून अधिकृत लेअर म्हणून देऊ नका. त्यांच्या अटींत ते बसत नाही, शिवाय वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत तीच इमारत काही मीटर सरकलेली असते. पार्श्वभूमीला बघायला हरकत नाही.

केएमएल (गुगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची) फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी तिचा तक्ता उघडून बघा. मिळकतदारांची नावं आणि मोबाइल नंबर त्यात दडलेले असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या बिल्डरच्या मोबाइलवर अख्ख्या पेठेचे फोन नंबर जाणं बरं नाही. बाहेर जाणाऱ्या प्रतीसाठी रकाने गाळलेली वेगळी फाइल ठेवा.

फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द कधीच घालू नका. विभाग, लेअर आणि तारीख, बस्स. एक प्रत कार्यालयाच्या सर्व्हरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि डिस्क वेगळ्या इमारतीत. कंत्राटी एजन्सीमार्फत काम होत असेल तर मूळ स्कॅन, नियंत्रण बिंदूंची यादी आणि जोडणीचा तक्ता दर महिन्याला लेखी ताब्यात घ्या. करार संपताना नुसत्या पीडीएफ हातात ठेवून गेलेली एजन्सी मी पाहिलीये, मागे राहिलेल्यांना सगळं पुन्हा डिजिटाइज करावं लागलं.

आणि प्रत्येक छापील नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात या ओळी टाका, रिकाम्या जागा भरूनच प्रिंट काढा:

'आधार: ______ शीट / योजना, मूळ प्रमाण १:____, दिनांक ______. जागेवर पडताळणी: झाली / नाही. हा नकाशा हक्क किंवा हद्द ठरवण्यासाठी नाही. त्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी ग्राह्य. तयार करणार: ______. तपासणार: ______.'

'झाली / नाही' यातलं एक खोडायला विसरलेला प्रिंट जावक लिपिकाकडे देऊ नका, तो तसाच शिक्का मारून पाठवतो.